जोडशब्दांची कोडी कशी रचावीत: पहिल्यांदाच कार्यक्रम घेणाऱ्यांसाठी

“दोन अवयव एकमेकांना चिकटले की अभ्यास पक्का होतो. शब्द कोणता?”

पुण्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी हा प्रश्न वाचला तेव्हा तीस-पस्तीस माणसं बसली होती. कोणी ‘हातपाय’ म्हणालं, कोणी ‘डोळेझाक’ म्हणून लगेच मागे घेतलं. मग सहावीतली एक मुलगी हळूच म्हणाली, “तोंडपाठ.” टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर तिसऱ्या रांगेतल्या एक निवृत्त बाई म्हणाल्या, “बरोबर आहे गं, पण ती पाठ वेगळी आणि हा पाठ वेगळा.” अंगाची पाठ ‘पृष्ठ’वरून आलेली, स्त्रीलिंगी. तोंडपाठमधला पाठ म्हणजे म्हणायचा धडा, पुल्लिंगी. हॉल पुन्हा शांत झाला. लहानपणापासून तोंडात बसलेला शब्द प्रत्येक जण पहिल्यांदाच उघडून बघत होता.

मला या खेळाचं वेड त्या क्षणासाठी आहे. सोसायटीत, ऑफिसात, गणपतीच्या दिवसांत मंडळात किंवा २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी असा तास-दीड तासाचा कार्यक्रम घ्यायचा असेल आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नसेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. फळा, खडू, वही आणि दोन-तीन आठवडे, एवढ्यावर भागतं.

पहिली पायरी: कान उघडे ठेवा, वही भरा

नवे लोक आधी कोश उघडून बसतात. कोशात भारदस्त शब्द सापडतात, पण त्यांची कोडी रंगत नाहीत, कारण उत्तर सांगितल्यावरही समोरच्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटत नाही. माझा एक नियम आहे आणि तो मी मोडत नाही: ऐकणाऱ्याने या महिन्यात स्वतः उच्चारला असेल असाच शब्द उत्तराला घ्यायचा. कोड्याची सगळी गंमत प्रश्नात असावी, उत्तर घरातलंच हवं.

म्हणून आठवडाभर एक छोटी वही जवळ ठेवा. बसमध्ये, जिन्यात, भाजी निवडताना जो जोडशब्द कानावर येईल तो लिहा. एका सकाळी मी मंडईत जाऊन परत येईपर्यंत वहीत एवढे शब्द आले: भाजीपाला, घासाघीस, पावशेर, हातगाडी, उरलंसुरलं, किडूकमिडूक, पायपीट, तोंडदेखलं. आठच शब्द, पण त्यांत तीन अवयव, एक वजन आणि तीन शब्द असे की त्यांच्या एका भागाला सुटा अर्थच नाही. ‘सुरलं’ म्हणजे काय? ‘मिडूक’ म्हणजे काय? व्याकरणात यांना अभ्यस्त शब्द म्हणतात. त्यांच्यावर एक आख्खी फेरी होते: अर्धा शब्द मी सांगते, उरलेला तुम्ही सांगा. लहान मुलं या फेरीत मोठ्यांना सहज हरवतात.

वहीत विषयाप्रमाणे पानं सोडा: अवयव, स्वयंपाकघर, प्राणी, आकडे, गावातल्या जागा. आणि मागच्या बाजूने दुसरी यादी सुरू करा, शब्दाच्या शेवटच्या भागाप्रमाणे. ही मागची यादी फार महत्त्वाची. ‘हात’ने सुरू होणारे शब्द कोशात एका जागी सापडतील: हातखर्च, हातचलाखी, हातमाग, हातमिळवणी, हातसडी. पण ‘पाणी’ने, ‘खाना’ने, ‘बाग’ने संपणारे शब्द छापील कोशात एकत्र कुठेच नसतात. ते तुमचे तुम्हालाच जमवावे लागतात, आणि चांगली कोडी बहुतेक त्याच यादीतून निघतात.

वही निम्मी भरली की मग कोशाकडे जा. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ पुण्यातूनच १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला. वाक्प्रचारांसाठी त्यांचाच ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे आता इंटरनेटवर फुकट शोधता येतात. सोपं हवं असेल तर अप्पा बळवंत चौकात जा. शालेय व्याकरणाची आणि म्हणी-वाक्प्रचारांची छोटी पुस्तकं तिथे कोणत्याही दुकानात मिळतात, आणि पहिल्या कार्यक्रमाला तेवढी पुरतात.

दुसरी पायरी: सांधा कुठे आहे ते बघा

आता प्रत्येक शब्दाचा विग्रह करा. शाळेत मार्कांसाठी केला होता, आता सूचक, म्हणजे उत्तराकडे नेणारी खूण, शोधण्यासाठी करायचा. म्हणजे जोडताना काय गळालं, काय आखडलं, ते बघायचं.

‘पुरणपोळी’ म्हणजे पुरण घालून केलेली पोळी. ‘घरजावई’ म्हणजे सासरच्या घरी राहणारा जावई. यांना मध्यमपदलोपी समास म्हणतात, कारण मधले शब्द गळालेले असतात. कोडं रचणाऱ्याला हे गळालेले शब्द म्हणजे आयतं सूचक. उत्तरातले दोन्ही शब्द टाळायचे आणि जे बोललं जात नाही तेवढंच प्रश्नात मांडायचं. ‘लग्न लागलं, पण पाठवणी मुलीची झालीच नाही.’ एवढ्यावर घरजावई येतो.

काही शब्द जोडताना आखडतात. घोड्याचा ‘घोड’ होतो: घोडदौड, घोडचूक, घोडनवरा. (घोडचुकीतला घोडा म्हणजे मोठेपणा, प्राणी तिथे नाही. प्राण्यांच्या फेरीत हा प्रश्न छान जातो.) पोळीची ‘पोळ’ होते: पोळपाट. पाण्याचं ‘पाण’ होतं: पाणवठा, पाणबुडी, पाणपोई. ‘दुपार’मध्ये तर दोन आणि प्रहर इतके आखडून बसलेत की सांगितल्याशिवाय दिसत नाहीत. असे शब्द शेवटच्या फेरीला राखून ठेवा.

मग आहेत एकाच अर्थाचे दोन शब्द जोडलेले. बाजारहाट, कागदपत्र, धनदौलत, रीतिरिवाज. बाजार फारसी, हाट आपल्याकडचा जुना. धन संस्कृत, दौलत अरबीतून आलेली. दोन भाषा बोलणारी माणसं शेजारी राहत होती तेव्हा दोघांनाही कळावं म्हणून शब्दही शेजारी-शेजारी बसले असावेत, असं मला हे शब्द वाचताना नेहमी वाटतं. प्रश्न असा करा: ‘एकच गोष्ट दोन भाषांत सांगणारा शब्द सांगा’ आणि प्रत्येक गटाला मिनिटभर द्या. जितके शब्द तितके गुण.

आणि खोटे सांधे. इथे मी स्वतः अडकले होते. दुसऱ्याच कार्यक्रमात अवयवांच्या फेरीत मी ‘नाकाबंदी’ घातला: नाक बंद केलं की गाड्या थांबतात, असं काहीसं सूचक होतं. उत्तर आलं, गुण दिले, आणि मागून एक काका उभे राहिले. “ताई, त्यात नाक नाही. नाका आहे. जकात नाक्यातला नाका.” त्यांचं बरोबर होतं. त्या गटाचे गुण मी काढून घेतले नाहीत, पण पुढच्या वेळी तोच शब्द उलटा विचारला: ‘नाकतोडा, नाकदुऱ्या, नाकाबंदी, यांत नाक नाही असा कोणता?’ तेव्हापासून प्रत्येक शब्दाबद्दल मी आधी हा प्रश्न विचारते की दिसतंय ते खरंच आत आहे का. मानपानातली मान गळ्याची नव्हे. मांजरपाट हे जाडंभरडं सुती कापड, त्यात मांजर नाही. मोरावळ्यात मोर नाही. असे खोटे सांधे सापडले की टाकू नका, वेगळ्या पानावर जमवा.

तिसरी पायरी: साचा निवडा

सगळ्यात लवकर जमणारा साचा म्हणजे मधला दुवा. दोन टोकं द्यायची, मधला शब्द असा हवा की तो पहिल्याचा शेवट होईल आणि दुसऱ्याची सुरुवात. ‘चहा – ? – पट्टी.’ उत्तर पाणी: चहापाणी, पाणीपट्टी. ‘पिंपळ – ? – सुपारी.’ उत्तर पान. ‘पाय – ? – खर्च.’ उत्तर वाट. इथे मागच्या बाजूची ती यादी कामाला येते. एकच शब्द पुढच्या यादीतही असेल आणि मागच्याही, तर तिथे कोडं तयारच आहे. मी एका रविवारी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि अर्ध्या तासात बारा कोडी झाली.

दुसरा साचा सामाईक शब्दाचा. ‘भाडेकरू, निवडणूक, जात, नियम: यांच्या आधी एकच अवयव लावा.’ उत्तर पोट. ही यादी वाचताना लोक हसतात, कारण पोटभाडेकरू आणि पोटनिवडणूक हे शब्द रोज वापरूनही त्यांतलं पोट त्यांना कधी दिसलेलं नसतं. ‘उघाडणी, मंत्र, टोपी, गोष्ट’ दिलं की कान येतो.

तिसरा साचा श्लेषाचा, म्हणजे एक शब्द आणि दोन-तीन अर्थ. हा कमी वेळा जमतो, पण जमला तर लोक घरी गेल्यावरही तोच सांगत बसतात.

आणि चौथा, माझा सर्वांत आवडता: वाक्प्रचार अक्षरशः घ्यायचा. त्याच्यासाठी थोडं थांबते.

कडधान्यांच्या वाट्या

एका कार्यक्रमात मी टेबलावर चार वाट्या मांडल्या. एकीत तूर, एकीत मूग, एकीत वाटाणे, एकीत हरभरे. बाकी काही बोलले नाही, फक्त म्हणाले, “प्रत्येक वाटीतून एक वाक्प्रचार काढा.”

पहिला आला तो मूग. मूग गिळून गप्प बसणे. मग तूर: हातावर तुरी देणे. वाटाण्याला वेळ लागला, पण एका आजोबांनी हात वर केला: वाटाण्याच्या अक्षता लावणे. हरभऱ्याच्या झाडावर चढवणे सगळ्यांना एकदमच आठवलं. इथे मी त्यांना थांबवलं आणि विचारलं, “हरभऱ्याचं झाड कोणी पाहिलंय?” सासवडकडच्या एक ताई म्हणाल्या, “झाड कसलं, गुडघ्याला लागेल एवढं रोप असतं.” आणि वाक्प्रचाराचा अर्थ तिथेच उलगडला. वजन न पेलणाऱ्या रोपाला झाड म्हणायचं आणि माणसाला त्याच्यावर चढवायचं: खोटी स्तुती म्हणजे नेमकं हेच. अक्षतांचंही तसंच. अक्षता तांदळाच्या असतात, कुंकू लावलेल्या. त्यांच्या जागी वाटाणे आले म्हणजे मान दिल्यासारखं दाखवून नकार दिला.

अक्षरशः घेण्याचा फायदा हा आहे. वाक्प्रचार इतका झिजलेला असतो की त्यातलं चित्र आपल्याला दिसत नाही. प्रश्नात फक्त चित्र ठेवा, अर्थ सांगू नका. ‘सभेत सगळ्यांच्या घशाखाली एक कडधान्य उतरलं, म्हणून कोणी बोललं नाही’ हा प्रश्न चांगला. ‘गप्प बसणे या अर्थाचा वाक्प्रचार सांगा’ हा परीक्षेतला प्रश्न झाला, त्यात खेळ नाही.

स्वयंपाकघरातून असे पुष्कळ मिळतील: कणीक तिंबणे, आपली पोळी भाजून घेणे, नाकाने कांदे सोलणे, ताकास तूर न लागू देणे, अंगाचा तिळपापड होणे. मात्र एक सांभाळा. जातीवरून, बाईमाणसावरून, अंध किंवा अपंग माणसावरून बोलणाऱ्या म्हणी आपल्या भाषेत भरपूर आहेत. त्या कोशात राहू द्यात. खेळायला आलेल्या कोणाचीही मान खाली जाईल असं काही मी फळ्यावर लिहीत नाही.

पुण्याचे शब्द

पुण्यात कार्यक्रम घेताय तर एक फेरी पुण्याचीच हवी. या शहराने मराठीला वाक्प्रचार दिलेत आणि शहराच्या नावनिशाण्याही जोडशब्दांनी भरल्यात.

इतिहासापासून सुरू करा. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला. गारद्यांना दिलेल्या आज्ञेत ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं गेलं, अशी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात आणि तिच्यातून ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आला. एक अक्षर बदलून अर्थ फिरवण्याला नाव देणारा वाक्प्रचार शब्दांच्या खेळात असायलाच हवा. त्या खुनानंतर कारभाऱ्यांनी एकत्र येऊन राघोबादादांविरुद्ध जी फळी उभी केली ती ‘बारभाई’. आकड्यांच्या फेरीत तो शब्द घ्या, आणि त्याच्या शेजारी ‘साडेतीन शहाणे’: सखारामबापू बोकील, विठ्ठल सुंदर आणि देवाजीपंत चोरघडे हे तीन पूर्ण, नाना फडणवीस अर्धे. अर्धा शहाणा कोण, हे विचारलं की पुणेकर लगेच सरसावून बसतात.

‘अटकेपार झेंडे लावणे’ हा श्लेषाचा उत्तम नमुना. १७५८मध्ये मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोहोचल्या, त्यावरून तो आला. सूचक असं द्या: ‘ही झाली तर माणूस तुरुंगात जातो, ओलांडली तर झेंडा लागतो.’ पानिपतावर १७६१मध्ये विश्वासराव पडले, त्यावरून ‘विश्वास गेला पानिपतात’ म्हणतात. त्यातही तसाच दुहेरी अर्थ आहे. ही दोन कोडी पाठोपाठ ठेवू नका. पहिलं सुटलं की दुसरं आपोआप सुटतं.

गावातल्या जागांवर तर कितीही वेळ घालवता येईल. लकडी पूल आता लाकडाचा नाही, तरी नाव तेच. तुळशीबागेत तुळशी शोधत कोणी जात नाही. पाषाण, खडकी, खडकवासला: तीन जागा, तिन्हींत दगड. नळस्टॉपमध्ये अर्धा शब्द मराठी, अर्धा इंग्रजी. देवळांची नावं घेतली तर एक संध्याकाळ पुरणार नाही: जिलब्या मारुती, सोन्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा, गुपचूप गणपती. ‘जेवला नाही तो कोण आणि बोलत नाही तो कोण?’ या एका प्रश्नात विठोबा आणि गणपती दोन्ही येतात. पुण्यात नव्याने राहायला आलेल्यांना ही फेरी विशेष आवडते, कारण रोज ज्या पाटीवरून जातात ती त्यांना त्या दिवशी कळते. पण अशा लोकांचा गट वेगळा करू नका, प्रत्येक गटात एक जुना पुणेकर आणि एक नवा असू द्या.

चौथी पायरी: सूचक घासा

एक कोडं सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं घडलं ते दाखवते. शनिवारवाड्याला पाच दरवाजे आहेत: दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि जांभूळ. ‘खिडकी दरवाजा’ हे नाव वहीत आलं तेव्हाच मी त्याखाली दोन रेघा मारल्या.

पहिला खर्डा असा होता: ‘पुण्यातल्या कोणत्या प्रसिद्ध वास्तूच्या दरवाज्याच्या नावात खिडकी आहे?’ यात उत्तरच आलंय, उरतो तो सामान्यज्ञानाचा प्रश्न. दुसरा: ‘घराची दोन अंगं, एकातून वारा येतो, एकातून माणसं; पुण्यात ती एकच आहेत.’ हा जरा बरा, पण ‘घराची अंगं’ कानाला जड लागतं आणि वाक्य लांबलंय. तिसऱ्या वेळी मी स्वतःलाच मोठ्याने विचारलं, यात गंमत नेमकी कशाची आहे? गंमत ही की खिडकीतून कोणी आत जात नाही आणि इथे मात्र जातात. मग झालं:

‘पुण्यात कुठल्या खिडकीतून पेशव्यांच्या घरात जाता यायचं?’

एकच ओळ, ‘दरवाजा’ शब्द नाही, ‘शनिवारवाडा’ही नाही. ज्याला उत्तर माहीत नाही तोही विचार करत उत्तराजवळ पोहोचतो. सूचक मोठ्याने वाचलं की जीभ कुठे अडखळते ते कळतं, आणि ती जिथे अडखळेल तिथे कात्री लावा. लिहिलेलं सूचक कागदावर कितीही सुंदर दिसो, हॉलमध्ये ते एकदाच ऐकू येणार असतं.

पाचवी पायरी: दुसरं उत्तर शोधा

भांडणं इथे होतात. मी एकदा विचारलं होतं: ‘कारखाना, दवाखाना, तोफखाना, नगारखाना यांच्या भावंडांपैकी खरंच खाणं शिजतं असा खाना कोणता?’ फारसीत खाना म्हणजे घर, जागा. म्हणून या सगळ्या खान्यांत खायला काही नसतं, एक सोडून. माझं उत्तर होतं मुदपाकखाना. दुसऱ्या गटाने लिहिलं भटारखाना. दोन्ही बरोबर. पंच म्हणून मला दोघांना गुण द्यावे लागले आणि तिसऱ्या गटाला वाटलं की आपल्यावर अन्याय झाला.

आता मी प्रत्येक कोडं तीन माणसांवर आधी करून पाहते: सत्तरी ओलांडलेलं कोणी, शाळेतलं मूल, आणि जिची मातृभाषा मराठी नाही पण जी इथे राहून बोलायला शिकली अशी एक शेजारीण. आजींना असे शब्द आठवतात जे मी विसरलेय, मुलाला सूचकातला नको तो अर्थ आधी दिसतो, आणि शेजारीण शब्द जसा आहे तसा ऐकते, म्हणून सांधा तिला माझ्याआधी दिसतो. तिघांपैकी कोणी वेगळं पण बरोबर उत्तर दिलं तर सूचकात एक खूण वाढवायची. मुदपाकखान्याला मी ‘राजवाड्यातला, पहिलं अक्षर मु’ एवढं जोडलं आणि प्रश्न सुटला.

नागपूर, कोल्हापूर, कोकणातून आलेली माणसं असतील तर त्यांच्याकडचा शब्द वेगळा निघेल. अर्थ जुळत असेल तर गुण द्या आणि तो शब्द तुमच्या वहीत लिहून घ्या.

सहावी पायरी: प्रत्यक्ष संध्याकाळ

वीस प्रश्न पुरतात. चार किंवा पाच गट, प्रत्येक गटात चार-पाच जण. उत्तर ओरडायचं नाही, चिठ्ठीवर लिहून द्यायचं, म्हणजे लाजाळू माणसांनाही जागा मिळते.

खुणा तीन टप्प्यांत द्या. आधी नुसतं सूचक, तेव्हा सुटलं तर तीन गुण. मग अक्षरांची संख्या सांगा, दोन गुण. मग पहिलं अक्षर, एक गुण. अक्षरं मोजताना जोडाक्षर एकच धरायचं आणि काना-मात्रा मोजायची नाही, हे सुरुवातीलाच सांगा: खिडकी तीन अक्षरी, पुरणपोळी पाच अक्षरी.

फळ्यावर उत्तर लिहिताना शुद्धलेखन बघा. शक्ती, बुद्धी, कवी हे संस्कृतातून आलेले शब्द सुटे लिहिताना शेवटी दीर्घ, पण समासात आधी आले की ह्रस्व होतात: शक्तिपीठ, बुद्धिबळ, कविसंमेलन. फूल दीर्घ, फुलपाखरू ह्रस्व. मुलं फळ्यावरचं पाहून लक्षात ठेवतात, तेव्हा ते बरोबर असायला हवं.

आणि प्रत्येक उत्तरानंतर अर्धं मिनिट थांबा. पुढच्या प्रश्नाची घाई करू नका. त्या अर्ध्या मिनिटात कोणीतरी म्हणतं, “अरे, म्हणजे हा शब्द असा झाला होय!” किंवा एखादे काका उभे राहून तुमची चूक दाखवतात. गुणांची नोंद करायला एखाद्या शाळकरी मुलाला बसवा, म्हणजे तुमचं लक्ष माणसांवर राहील.

पहिल्या कार्यक्रमासाठी हे घ्या

वही भरेपर्यंत वेळ लागेल, म्हणून सात कोडी देऊन ठेवते. हवी तशी बदला.

तव्यावर भाजतात, तराजूत मोजतात, देवाकडे मागतात. तीन अक्षरी वाटलं तर चूक, दोनच अक्षरं.

माहेर – ? – जावई.

रमण, सारस, हिरा, तुळशी: पुण्यात या सगळ्यांच्या शेवटी काय?

दोन अंक एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत आणि दोन माणसांचं पटत नाही. (हे मराठी अंकांतच लिहून बघायचं.)

तलाठ्याकडचे दोन नमुने, नावात नुसते आकडे, आणि शेतकऱ्याचा जीव त्यात अडकलेला.

खेळायला सुरुवात केली आणि शेवटी जेजुरीचा देव आला, म्हणजे सगळा विचका झाला.

लाकडाची वस्तू, तिच्यावर रोज जी होते ती तिच्या नावात आहे, फक्त शेवटची वेलांटी गळालीय.

उत्तरं क्रमाने: पाव (तव्यावरचा पाव, पाव किलोमधला पाव, आणि ‘देवा, पाव रे’मधला पाव), घर, बाग, छत्तीसचा आकडा म्हणजे ३६, सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२, खेळखंडोबा, पोळपाट.